हजार झाल्या

आमच्या बोळात पाणी येतं पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
नळाला आधी खोकला येतो, मग पाणी.
त्या खोकल्यासाठी जागायचं असतं.

मी जागीच होते.
बॅरलला पाठ लावून उंबऱ्यावर,
वर्गातल्या वैजयंताचं पुण्यातलं स्वयंपाकघर बघत.
पांढऱ्या फरशा, काचेच्या बरण्या,
त्याखाली कुणाचं तरी भांडण,
त्याखाली मांजर,
त्याखाली पोट उतरवायचा काढा,
त्याखाली परत बरण्या, दुसऱ्या कुणाच्या.

नळ कधी खोकला काय की.
एल्लूबाईनं कडी वाजवली, ओरडली,
"नीळ्ळु वच्चिनै!"
तेव्हा नळी बॅरलमधून निसटलेली,
आणि आमचं पाच दिवसांचं पाणी
बोळाच्या उतारानं गटारीकडं निघालेलं.

कुणी बोललं नाही.
सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या,
"किती झाल्या गं?"
त्यांना अंधुक दिसतं.
अंगठा एवढा चालतोय म्हणजे
पोर काहीतरी वळतच असणार.

त्यांचा अंगठा चाळीस वर्षं चालतोय.
भिजलं पान फर्म्यावर कातरायचं,
चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, टोक आत.
पंचविसाची जुडी.
चाळीस जुड्या झाल्या की सूप मांडीवरून उतरवतात,
"झालं" म्हणतात,
मग साक्षात मारुती आला तरी एक विडी वळत नाहीत.

माझ्या अंगठ्याला हा शब्दच कुणी शिकवला नाही.

कारखान्यात सकाळी चेकर बसतो.
वाकडी, पोकळ, फुटकी, सगळी छाट.
येताना सासूबाई त्याच्या सात पिढ्या काढतात.
मला मात्र परवा त्या छाटीचाच हेवा वाटला.
माझ्या डोळ्यांत दिवसभर जे पडतं
ते निवडायला कोण बसलंय?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला,
ताण्याचा एक धागा तुटू दे, माग आपला आपण थांबतो.
आणि फोनवर क्रिकेट बघायला लागला.

मग मी फोन ठेवला
कडक भाकरीच्या डब्यात.
पहिल्या दिवशी अकरा वेळा झाकण उघडलं,
सात वेळा लाजेनं भाकरी मोडून घेतली, वर शेंगाचटणी.
आठवड्यात ब्लाउज दाटला.
तरी डबा बदलला नाही.

आता सासूबाईंशी ठरलंय,
जेवणं झाली की एक जुडी होईस्तोवर बघायचं.
पंचविसावीला दोरा बांधला की फोन डब्यात.
म्हातारी लबाड आहे,
तेवढ्या वेळात हात असा चालवते
की चेकरनं बघावं.
मी म्हणते, सावकाश की हो.
त्या म्हणतात, तुझं बघून झालं का सांग.

एका जुडीत वैजयंताला फोनच लावला.
बरण्यांचं काही काढलं नाही.
विचारलं, तिकडं पाणी कसं गं?
"टँकरनं," ती म्हणाली,
"तो काही फोटोत येत नाही."
खूप हसलो. जुडी संपली,
सासूबाईंनी दोरा बांधला नाही.

काल पाण्याची रात्र.
एल्लूबाई आणि मी ओट्यावर.
फरशी अजून दुपारइतकी गरम,
पलीकडच्या गल्लीत रातपाळीचे माग खटक-खटक.
ती तिच्या सुनेचं सांगत होती,
मग तिच्या गुडघ्याचं,
मग काहीच नाही.
ते काहीच नाही मला जड गेलं.
दोनदा डब्याकडं बघितलं. खोटं कशाला बोलू.

नळ खोकला.
दोघी एकदमच उठलो.
बॅरल भरताना बघितलं,
माझा अंगठा पदराच्या काठावर
अजून हलत होता, थोडा.